खलनायक आणि प्रतिनायक : फरक काय?

प्रश्न : परीक्षणांत नायकाला आडवं येणाऱ्या कुणालाही सरसकट ‘खलनायक’ म्हणतात. ‘प्रतिनायक’ हा त्याचाच जड पर्याय की अर्थ वेगळा? आणि या ‘खल’चं ‘खलबत’शी नातं आहे का?

उत्तर : खलबताशी नातं नाही. तो शब्द अरबी ‘खल्वत’ (एकांत) वरून फारसीमार्फत आला. दुष्ट या अर्थाचा ‘खल’ संस्कृत. पसायदानात तो ‘खळ’ होऊन येतो : ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. मागणं खळ मरोत असं नाही, त्यांचा वाकडेपणा जावो असं आहे. म्हणजे ‘खल’ स्वभाव सांगतो. ‘प्रति’ सांगतो जागा, नायकासमोरची.

मृच्छकटिक या संस्कृत नाटकातला शकार पाहा. राजाचा मेहुणा, ‘स’चा ‘श’ करून बोलणारा. नायिका वसंतसेनेचा पाठलाग करताना ‘रामाला भ्यालेल्या द्रौपदीसारखी का पळतेस’ असं विचारतो आणि प्रेक्षक हसतात. आठव्या अंकात हाच माणूस गाडीवानाला सोन्याच्या कड्यांचं आमिष दाखवून तिला मारायला सांगतो. गाडीवान ऐकत नाही, तेव्हा स्वतः तिचा गळा आवळतो, ती मेली असं समजून वाळक्या पानांनी झाकतो आणि खुनाचा आळ नायक चारुदत्तावर घालतो. हा खलनायकच.

मुद्राराक्षस या संस्कृत नाटकातला, नंद राजांचा अमात्य राक्षसही चंद्रगुप्तावर विषकन्या सोडतो, पण मेलेल्या नंदांशी इमान राखून. शेवटी चंदनदास या मित्राचा जीव वाचावा म्हणून शत्रूचं अमात्यपद पत्करतो. त्याला खलनायक म्हटलं की नाटकच हातातून निसटतं, कारण चाणक्याची सगळी खटपट त्याला संपवण्यासाठी नाही, आपल्या बाजूला आणण्यासाठी आहे.

पारख अशी करावी : पात्राचं उद्दिष्ट तसंच ठेवून दुष्टावा तेवढा वजा करा. संघर्ष टिकला तर ‘प्रतिनायक’. शकारातून दुष्टावा काढला तर हाती काही उरत नाही.

दुसरं मत : पारख पटली, पण एक दुरुस्ती हवी. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या दशरूपक या नाट्यशास्त्राच्या ग्रंथात प्रतिनायकाची लक्षणं लुब्ध (लोभी), धीरोद्धत (गर्विष्ठ, उग्र), स्तब्ध (ताठर), पापी आणि व्यसनी अशी आहेत. उदाहरणं रावण, दुर्योधन. म्हणजे शास्त्रातला प्रतिनायकही पापीच. तटस्थ अर्थ आजच्या समीक्षेनं दिलेला आहे. संस्कृत नाटकावर लिहिताना कोणता अर्थ घेतला ते आधी सांगावं. शिवाय काही जण ‘अँटीहीरो’लाही प्रतिनायक म्हणतात, तिथे फार घोळ होतो. तो कथेचा नायकच असतो, फक्त नायकाचे गुण नसलेला. त्याला ‘अनायक’ म्हणावं.

प्रश्न : ‘या कादंबरीत दुष्काळच खलनायक आहे’ हे चालेल?

उत्तर : लाक्षणिक म्हणून चालतं, पण दुष्काळाला हेतू नसतो. विश्लेषणात ‘विरोधी शक्ती’ लिहा. बाकी रूपं सरळ आहेत : स्त्रीसाठी खलनायिका, विशेषण खलनायकी, नटाच्या संदर्भात खलभूमिका. ‘खळ’ जुना असला तरी ‘खळनायक’ मात्र कुणी लिहीत नाही.