नवा पूरनकाशा आणि आपली कॉलनी: न्यू जर्सीतल्या एका सोसायटी ग्रुपवरची चर्चा

शेखर (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. फेमाचा, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती-व्यवस्थापन खात्याचा, नवा प्राथमिक पूरनकाशा टाउनशिपच्या (इथल्या नगरपालिकेच्या) वेबसाइटवर आला आहे. ओढ्याकडची आपली अख्खी रांग आणि वरच्या कोपऱ्यावरची चार घरं 'एई' झोनमध्ये, म्हणजे पूरक्षेत्रात दाखवली आहेत. जुन्या नकाशात फक्त निखिलचं आणि स्मिताचं घर होतं. स्क्रीनशॉट टाकतोय, प्रत्येकाने आपापलं घर बघून घ्या.

निखिल: मला बँकेचं पत्र आलंसुद्धा. लोन दुसऱ्या बँकेकडे गेलं, त्यांनी नव्याने तपासणी केली. ४५ दिवसांत फ्लड इन्शुरन्स घ्या, नाहीतर आम्ही घेऊन पैसे तुमच्या खात्यावर टाकू, असं लिहिलंय. नऊ वर्षं इथे राहतोय, कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

राहुल: हे चालू द्यायचं नाही. सगळ्यांच्या सह्या घेऊ आणि टाउनशिपच्या मीटिंगला जाऊ. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या रात्री मॅनव्हिल गाव पाण्यात बुडालं होतं, तेव्हाही आपल्या रांगेत एका घरात पाणी शिरलं नाही. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

मेधा (पुराच्या मॉडेल्सचं काम करणारी): राहुल, मीटिंगला जाऊच. पण सह्यांनी पूरक्षेत्राची रेघ हलत नाही, आकड्यांनी हलते. आयडात पाणी आलं नाही, हे ऐकून फेमा नकाशा बदलणार नाही. नकाशा सांगतो तो दरवर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर. एकेक वर्ष धरलं तर १ टक्का किरकोळ वाटतो, पण ३० वर्षांच्या मॉर्गेजमध्ये असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. आयडाचा जोर कुठे जास्त होता, कुठे कमी. आपल्या ओढ्याच्या वरच्या भागात त्या रात्री किती पाऊस पडला, हे न बघता त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. तुझ्याकडचे त्या रात्रीचे फोटो मात्र जपून ठेव, पाणी कुठवर आलं होतं ते नकाशामागचं पुराचं गणिती मॉडेल पडताळायला कामाला येतील.

निखिल: ताई, मग मी काय करू? ४५ दिवस आहेत हातात.

मेधा: तुझा प्रश्न वेगळा आणि बाकीच्या रांगेचा वेगळा, दोन्ही एकत्र करू नका. तू आज लागू असलेल्या नकाशातच झोनमध्ये आहेस. तुझ्यासाठी 'लेटर ऑफ मॅप अमेंडमेंट' आहे, सगळे त्याला लोमा म्हणतात. नकाशा एवढ्या मोठ्या भागाचा असतो की तुझ्या घरापुरता उंचवटा त्यात दिसतोच असं नाही. त्यामुळे घरमालक स्वतः फेमाला सांगू शकतो की माझं घर नैसर्गिक उंचीवर आहे, पुराच्या पातळीच्या वर आहे.

त्यासाठी एकच आकडा निर्णायक असतो: घराच्या भिंतीला लागून असलेली सगळ्यात खालची जमीन. पहिला मजला नाही, दारासमोरची पायरी नाही. मागच्या डेकचा खांब जिथे जमिनीत जातो किंवा बेसमेंटच्या बाहेरच्या जिन्याचा तळ, तिथली जमीन सगळ्यात खाली असेल तर तोच आकडा. तो बेस फ्लड एलेव्हेशनइतका, म्हणजे त्या १ टक्का शक्यतेच्या पुरातल्या पाण्याच्या पातळीइतका, किंवा त्याच्या वर असला पाहिजे. फेमा लोमाला फी घेत नाही. परवानाधारक सर्व्हेयरकडून मोजणी करून घ्यायचा खर्च आपला. कागद पूर्ण पोचले की साधारण ६० दिवसांत उत्तर येतं.

निखिल: ६० दिवस! आणि बँकेचे ४५.

मेधा: म्हणून आत्ता पॉलिसी घे. सर्व्हेयर आधी बोलाव, पण उत्तराची वाट बघत बसू नकोस. बँकेने स्वतःहून घेतलेली पॉलिसी बहुधा महाग पडते. लोमा हातात आला की बँकेला दाखव आणि इन्शुरन्सची अट काढायला सांग. एक मात्र लक्षात ठेव, लोमाने कायद्याची सक्ती जाते, पण बँकेला वाटलं तर ती आपली अट ठेवू शकते.

राहुल: माझ्या घर घेतानाच्या सर्व्हेवर त्याच जागेची उंची ४६.८ फूट आहे. नव्या नकाशात माझ्यापाशी पाण्याची पातळी ४६. म्हणजे मी वरच आहे! उद्या हाच कागद पाठवतो.

मेधा: थांब. त्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'डेटम' लिहिलेला असेल, तो बघून सांग.

राहुल: 'एनजीव्हीडी २९' आहे.

मेधा: हेच विचारायचं होतं. तो १९२९ चा उंचीचा पाया. नकाशा १९८८ च्या पायावर आहे. आपल्या भागात दोन्हींत साधारण एक फुटाचा फरक पडतो आणि १९२९ चा आकडा मोठा दिसतो. तुझे ४६.८ म्हणजे नकाशाच्या हिशेबात जेमतेम ४५.८. तू रेघेच्या खाली आहेस, थोडासाच, पण खाली. जुना कागद पाठवू नकोस. नवी मोजणी करून घे आणि सर्व्हेयरला सांग की डेटम स्पष्ट लिही.

सुलभाकाकू: मेधा, मी इकडे लेकाकडे आले आहे म्हणून हे सगळं वाचतेय. आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट झालं की धोका पातळी. २०१९ ला ५५ च्या वर गेलं होतं, शाहूपुरीत घराघरांत पाणी होतं. ते फूट आणि हे फूट एकच का गं?

मेधा: नाही काकू. बंधाऱ्यावरचे फूट तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासून मोजतात, इथले समुद्रसपाटीच्या ठरवलेल्या पायापासून. कुठलाही आकडा कशापासून मोजलाय ते विचारल्याशिवाय दुसऱ्याशी ताडून बघायचा नाही.

सुलभाकाकू: आणि आपल्याकडे नदीकाठी निळी रेषा, लाल रेषा आखतात, तसंच हे?

मेधा: जात तीच. आपल्याकडे निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची, आणि मुख्य भांडण बांधकामावरून होतं. इथला झोन लाल रेषेच्या जवळचा म्हणा. पण इथे बांधकामाच्या जोडीला कर्ज आणि विमासुद्धा त्याच रेषेला बांधलेत. १९७३ च्या कायद्यापासून पूरक्षेत्रातल्या घराला सरकारी नियमाखालच्या बँकेचं कर्ज असेल तर विमा सक्तीचा आहे. म्हणून रेघ सरकली की लगेच खिशाला जाणवतं.

स्मिता: माझं घर पण जुन्या नकाशात आहे. पण आमच्या प्लॉटवर बिल्डरने भराव टाकला होता असं ऐकलंय. त्याने फरक पडतो का?

मेधा: पडतो. जमीन पूरक्षेत्रात दाखवल्यानंतर भराव टाकून उंच केली असेल तर तो साधा लोमा होत नाही, त्याला लोमर-एफ म्हणतात. त्याला फी आहे. शिवाय टाउनशिपची सही लागते: हा भराव नियमाप्रमाणे झालाय आणि घर पुरापासून बऱ्यापैकी सुरक्षित आहे, असं त्यांनी लिहून द्यावं लागतं. बांधकाम खात्यात जाऊन तुझ्या प्लॉटची जुनी फाइल मागून घे. भराव कधी टाकला ती तारीख त्यातच सापडेल.

शेखर: आता उरलेल्या रांगेचं. नवा नकाशा अजून लागू नाही ना?

मेधा: नाही, आणि म्हणूनच हीच वेळ आहे. स्थानिक पेपरात दोनदा नोटीस येते. दुसऱ्या नोटिशीपासून ९० दिवस अपिलाचे.

शेखर: दुसरी नोटीस गेल्या आठवड्यात आली.

मेधा: मग घड्याळ सुरू झालंय. रस्त्याचं नाव चुकलं, टाउनशिपची हद्द चुकली, असल्या गोष्टी नुसती सूचना म्हणून जातात. अपील म्हणजे पाण्याची पातळी किंवा झोनची सीमा शास्त्रीय किंवा तांत्रिकदृष्ट्या चुकली आहे हे दाखवायचं, आणि नुसतं चूक म्हणून भागत नाही, बरोबर काय ते मॉडेलसकट द्यायचं. ते टाउनशिपमार्फत जातं. आपण टाउनशिपला देतो, ते आपलं मत जोडून फेमाकडे पाठवतात. टाउनशिपने स्वतः अपील केलं नाही तरी नागरिकाचं अपील पुढे जातंच, पण त्यांचा इंजिनियर आपल्या बाजूने उभा असेल तर वजन वेगळं पडतं.

राहुल: न्यूयॉर्क सिटीने केलं होतं ना असं काही? सँडी वादळानंतर?

मेधा: हो, आणि ते वाचण्यासारखं आहे. २०१५ च्या जानेवारीत त्यांचा प्राथमिक नकाशा आला. त्याच जूनमध्ये शहराने अपील केलं. लोकांना परवडत नाही, घरांच्या किमती पडतील, या मुद्द्यांवर ते लढले नाहीत. वादळाच्या मॉडेलमध्ये दोन चुका आहेत, भरती-ओहोटीचा परिणाम नीट धरलेला नाही आणि हिवाळी वादळांचं मॉडेल प्रत्यक्षाशी पुरेसं ताडून बघितलेलं नाही, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. त्यामुळे पूरक्षेत्र सुमारे ३५ टक्के जास्त दाखवलं गेलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये फेमाने नकाशा पुन्हा करायचं मान्य केलं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: विम्यासाठी जुना नकाशा चालू ठेवला, पण नव्या बांधकामाला शहराने दोन्हींतला जास्त कडक नकाशा लावला. अपील जिंकले म्हणून सैल सोडलं नाही.

शेखर: आपल्याकडे असा काही मुद्दा आहे का?

मेधा: आहे, असं मला वाटतं. नकाशाबरोबरचा अभ्यास आणि मॉडेल मी काल उघडून बघितलं. वरच्या रस्त्याखालचा कल्व्हर्ट, म्हणजे ओढ्याचं पाणी जायची मोरी, त्यात दोन गोल पाइपांचा आहे. तिथे आता पाइप नाहीत. टाउनशिपने रस्ता उकरून मोठा काँक्रीटचा बॉक्स कल्व्हर्ट घातला, आपण सगळ्यांनी त्या कामात वळसा घालून गाड्या नेल्या आहेत. मी संध्याकाळी टेप घेऊन गेले होते. त्याचं तोंड दोन्ही पाइपांच्या एकत्र तोंडापेक्षा कितीतरी मोठं आहे. मॉडेलमध्ये त्या अरुंद पाइपांमागे पाणी तुंबतं आणि वरच्या कोपऱ्यावरची चार घरं त्या फुगवट्यात जातात. खरा कल्व्हर्ट मॉडेलमध्ये घातला तर वरची पातळी खाली येईल. किती, ते हेक-रास हे पुराच्या पातळीचं गणित करणारं सॉफ्टवेअर चालवल्यावरच कळेल.

राहुल: मग झालं की! हेच द्या पाठवून.

जयश्री (खालच्या टोकाची): एक मिनिट. आम्ही कल्व्हर्टच्या खाली राहतो. पाणी वर तुंबणार नाही म्हणजे ते आमच्याकडे जास्त येणार, आणि लवकर येणार. बरोबर ना मेधा?

मेधा: बरोबर. येऊ शकतं. वर साठणारं पाणी मॉडेलमध्ये कसं धरलंय त्यावर ते ठरेल, पण नाही म्हणून मी तुला खोटं सांगणार नाही.

जयश्री: म्हणजे वरच्यांची सुटका करायला आम्हाला झोनमध्ये खोल ढकलायचं. माझ्या सासऱ्यांना जिना उतरता येत नाही, त्यांची खोली खाली आहे. मला त्या विम्याच्या पैशांपेक्षा याची जास्त काळजी आहे.

राहुल: तसं कुणाच्या मनात नाही गं. पण मग अपील करायचं की नाही?

मेधा: करायचं, पण तुकड्याने नाही. फक्त वरचा भाग दुरुस्त करून फेमाला देता येतही नाही, दोन्ही टोकांना आपली पातळी त्यांच्या मॉडेलला नीट जुळून यावी लागते. तेव्हा वरच्या रस्त्यापासून जयश्रीच्या घराच्या पुढे, पुढच्या पुलापर्यंत, ओढ्याचे छेद, म्हणजे जागोजागी पात्राची रुंदी-खोली, नव्याने मोजून घेऊ. जे उत्तर येईल ते आधी इथे सगळ्यांना दाखवेन, मग पाठवू. जयश्री, तुझ्याकडची पातळी वाढली तर ती कल्व्हर्ट बदलला त्या दिवशीच वाढली आहे. नकाशात नाही म्हणून पाणी यायचं थांबत नाही. तुला ते आज कळलं तर सासऱ्यांची खोली वर नेता येईल. आणि खरंच वाढली असेल, तर खाली काय उपाय करणार हे टाउनशिपला विचारायचा तुझा हक्क आहे. त्या मीटिंगला मी तुझ्या शेजारी बसेन.

जयश्री: ठीक आहे. पण उत्तर काहीही आलं तरी ते ग्रुपवर आलं पाहिजे.

मेधा: येईल.

स्मिता: मेधा, समजा अपील मान्य झालं आणि चार घरं बाहेर पडली, तर त्यांनी विमा बंद केला तर चालेल?

मेधा: कायद्याने चालेल. मी स्वतः बंद करणार नाही, आणि वरच्या चौघांना हात जोडून सांगते, तुम्हीही करू नका. सरकारी पूरविमा योजनेतल्या दाव्यांपैकी सुमारे ४० टक्के या झोनच्या बाहेरच्या घरांचे असतात. साध्या होमओनर्स पॉलिसीत पूर येत नाही. आणि पावसाचा अंदाज बघून पॉलिसी घेऊ म्हणाल तर ती साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. आणखी एक, २०२१ पासून हप्ता झोनवरून ठरत नाही. नदी किती लांब, घर किती उंचावर, बांधायला किती खर्च, यावरून ठरतो. त्यामुळे बाहेर पडल्यावर सक्ती जाईल, पण हप्ता कमी होईलच असं धरून चालू नका.

निखिल: आणि मला लोमा मिळाला, मग नवा नकाशा लागू झाला तर?

मेधा: फार चांगला प्रश्न. नवा नकाशा लागू झाला की जुनी पत्रं आपोआप चालू राहत नाहीत. जी नव्या पातळीतही टिकतात, तीच फेमा पुन्हा ग्राह्य धरते. म्हणून सर्व्हेयरला तुझा आकडा दोन्ही नकाशांशी ताडून द्यायला सांग. अंतिम निर्णयाचं पत्र टाउनशिपला आलं की त्यानंतर सहा महिन्यांनी नकाशा लागू होतो, तेवढी मुदत मिळेल.

मागे खोली वाढवायचा विचार करणाऱ्यांसाठी: न्यू जर्सीचे स्वतःचे पूरनियम वेगळे आहेत. २०२३ च्या जुलैपासून राज्याने नदी-ओढ्यांकाठच्या बांधकामाची पातळी दोन फुटांनी वाढवली आहे. फेमाचं पत्र तिथे चालत नाही. घर विकणार असाल तर मार्च २०२४ पासून पुराची माहिती खरेदीदाराला लेखी द्यावी लागते.

शेखर: मी असं करतो: सोमवारी टाउनशिप इंजिनियरच्या ऑफिसात जाऊन कल्व्हर्टचे काम पूर्ण झाल्यानंतरचे ड्रॉइंग मागतो, आणि त्यांचं स्वतःचं अपील आहे का तेही विचारतो. मेधा, तुझ्या फीचं काय?

मेधा: मॉडेल मी चालवेन, त्याचे पैसे नकोत. पण मीही याच रांगेत राहते, त्यामुळे अपिलावर सही बाहेरच्या परवानाधारक इंजिनियरची हवी. सर्व्हेयर आणि त्या सहीचा खर्च सोसायटीने करावा. आणि तो सगळ्या घरांत वाटावा, टेकडीवरच्यांनीसुद्धा द्यावा. ओढा सगळ्यांचा आहे, टेकडीवरचं पाणीही त्यातच उतरतं.

राहुल: मला मान्य. छेद मोजायला सर्व्हेयरबरोबर शनिवारी मी येतो. आयडाच्या रात्रीचे फोटो वेळेसकट ड्राइव्हवर टाकतोय.

जयश्री: सर्व्हेयर आमच्या मागच्या अंगणातून उतरू दे, तिथून ओढ्याला वाट आहे. फक्त येण्याआधी फोन करा, कुत्रा बांधून ठेवते.

शेखर: तीन सर्व्हेयरकडून कोटेशन मागवलंय. आलं की इथेच टाकतो. निखिल, तू तोवर पॉलिसीसाठी एजंटला फोन केलास का?

निखिल: आत्ताच केला. उद्या सकाळी कागद पाठवतोय.