कला अकादमीची वास्तू आपल्याला सुंदर का वाटत नाही?

मांडवीकाठ : पणजीत कांपालला मांडवीच्या काठी असलेल्या कला अकादमीला अनेक जण सिमेंटचा ठोकळा म्हणतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. रस्त्यावरून ती ठेंगणी दिसते. पण तिच्या मंडपासारख्या छताखालून माणूस कुठेही न अडता थेट नदीपर्यंत चालत जातो, आणि सरकारी पैशाने बांधलेली वास्तू नागरिकाला इतक्या सहज आत घेते असे मी क्वचितच पाहिले आहे. नाट्यगृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी रंगवलेले सज्जांतले प्रेक्षक तर नाटक सुरू होण्याआधीच सोबत करतात.

सळई : आपल्या जिव्हाळ्याचा आदर आहे, परंतु नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये इथल्याच खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. खारा ओलावा काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचला की ती गंजून फुगते आणि वरचा थर फोडते. अशा किनाऱ्यावर सपाट छते आणि उघड्या तुळया योजणे हीच मुळातली चूक होती. जुन्या गोव्यातली जांभ्याची चर्चे शतकानुशतके उभी आहेत.

मांडवीकाठ : गंजाबद्दलचे म्हणणे मान्य. जांभ्याचा दाखला मात्र पटत नाही, कारण तिथल्याच बाँ जेझू बॅसिलिका या चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात काढल्यापासून तिथला उघडा दगड पावसात झिजतो आहे. निगा सुटली की दगडही टिकत नाही.

यमुनापार : दिल्लीत आम्ही याहून वाईट पाहिले. प्रगती मैदानावरचे वास्तुविशारद राज रेवल आणि अभियंते महेंद्र राज यांचे १९७२ चे भव्य प्रदर्शन दालन, पोलाद महाग म्हणून ज्याचा त्रिमितीय सांगाडा जागेवरच काँक्रीटमध्ये ओतला होता, ते एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. वारसा ठरायला त्याचे वय साठ वर्षांहून कमी पडले.

सळई : ते पाडकाम मलाही अक्षम्य वाटते. पण कला अकादमी टिकवण्यासाठी सपाट छतावर उतरते छप्पर घालावे लागले, तर आपण ते स्वीकाराल का?

मांडवीकाठ : नदीकडे जाणारी वाट उघडी राहणार असेल तर स्वीकारीन. तिथे दार बसवणार असतील तर मात्र माझा विरोध राहील.