'अर' की 'मोअर': सिलेबल मोजायला शिकवणं बंद करा

धागाकर्ता
इंग्रजी विशेषणांनी तुलना करायचा नियम सगळ्यांना पाठ असतो: एक सिलेबल (उच्चारातला एक ठोका) असेल तर शब्दाच्या शेवटी 'अर', तीन किंवा जास्त असतील तर शब्दाआधी 'मोअर'. गाडी अडते ती दोनवर. नॅरो, सिंपल, हॅपी यांना 'अर' लागतो. केअरफुल, यूजलेस, फेमस यांना 'मोअर'. सिलेबल सगळ्यांत दोनच, मग मोजून काय मिळालं? शब्दाचं शेपूट बघा. वाय, ओडब्ल्यू, एलई असेल तर 'अर'. फुल, लेस, इंग, अस असेल तर 'मोअर'. शिवाय बोअर्ड एकाच सिलेबलचा, तरी 'मोअर बोअर्ड'. अनहॅपी तीनचा, तरी 'अनहॅपियर'.

प्रतिसाद १
असहमत. बिग, ओल्ड, फास्ट, चीप, हॉट... रोजच्या वापरातली निम्मी विशेषणं मोजूनच सुटतात, त्यांना शेपूट कुठलं बघणार? बोअर्ड हे मुळात क्रियापदाचं रूप, म्हणून त्याला 'मोअर'. अनहॅपीतला 'अन' नुसता उपसर्ग, मोजायचं हॅपी. आणि पोलाइट, कॉमन यांना दोन्ही चालतं, तिथे तुमचं शेपूटही गप्प.

प्रतिसाद २
भांडण 'अर-मोअर'चं, चुका मात्र भलतीकडेच. 'ही इज टॉल दॅन मी' हे चुकीचं वाक्य घ्या. 'तो माझ्यापेक्षा उंच आहे' यात 'उंच' जागचा हलत नाही, सगळा भार 'पेक्षा' उचलतो. मूल 'पेक्षा'च्या जागी 'दॅन' ठेवतं आणि काम झालं समजतं. त्याला आधी सांगा की इंग्रजीत विशेषणही बदलतं, टॉलचं 'टॉलर' होतं. 'अधिक चांगला'चं 'मोअर बेटर' होतं, 'खूपच चांगला'चं 'व्हेरी बेटर'. तिथे 'मच बेटर' किंवा 'फार बेटर' हवं (हा 'फार' इंग्रजी बरं का, योगायोगाने आपल्यासारखाच). 'या शहराची लोकसंख्या त्या शहरापेक्षा जास्त' मराठीत खपतं. इंग्रजीत 'दॅन'नंतर 'दॅट ऑफ' घातलं नाही तर लोकसंख्येची तुलना थेट शहराशी होते.

प्रतिसाद ३
'मोअर बेटर'ला एवढं झोडपू नका. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये 'मोस्ट' नि 'एस्ट' दोन्ही लावलेलं 'मोस्ट अनकाइंडेस्ट' आहेच की.

प्रतिसाद २
आहे ना. पण पेपर तपासणारा आजचा असतो.

धागाकर्ता
'अनहॅपी'चं मान्य. 'दॅन'चंही मान्य, त्यात सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर जोडा, यांच्यानंतर 'दॅन' नाही, 'टू'. स्पेलिंगचं कुणीच काढलं नाही: बिग, हॉट, थिन यांत शेवटी एक स्वर नि एक व्यंजन, म्हणून 'अर' लावताना व्यंजन दुप्पट. क्लीनमध्ये दोन स्वर (ई आणि ए ही अक्षरं), म्हणून एन एकच. स्लोचा डब्ल्यू तर कधीच दुप्पट होत नाही.

प्रतिसाद १, तुमच्यासाठी एक वाक्य: 'ही इज मोअर ब्रेव्ह दॅन वाइज.' ब्रेव्ह एकच सिलेबल, पण इथे 'ब्रेव्हर' लिहिलं की चूक, कारण तुलना दोन माणसांची नसून एकाच माणसाच्या दोन गुणांची आहे. हे मोजून दाखवा.

प्रतिसाद १
आणि शेपूट बघून तुम्ही दाखवा.