बोनेरला स्कूबा डायव्हिंग: सल्ला हवा आहे

निळाई
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं न्यू जर्सीत असतो, भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड आहे. फेब्रुवारीत आठवडाभर बोनेरला, म्हणजे नेदरलँड्सच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर, जायचं म्हणतोय. माझं ओपन वॉटर (स्कूबाचं पहिल्या पातळीचं) सर्टिफिकेशन झालंय, नवऱ्याने फक्त तारकर्लीला स्कूबा केलंय. बोटीचं पॅकेज घ्यावं की गाडी? आणि आम्ही शाकाहारी आहोत.

पाणबुड्या
गाडीच घ्या, आणि तीही पिकअप! बोनेरची खरी मजा किनाऱ्यावरून डाइव्ह करण्यात आहे. वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे पश्चिम किनारा बहुतेक शांत असतो. त्या रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड दिसतील, त्यांवर साइटचं नाव असतं. तिथे गाडी लावायची, हवेची टाकी पाठीवर चढवायची आणि चालत पाण्यात शिरायचं. थोडं पोहलं की रीफचा (प्रवाळभिंतीचा) उतार सुरू. कुणाच्या वेळापत्रकात बांधून घ्यायचं नाही, हे सुख दुसरीकडे सहसा मिळत नाही. बोट हवीच असेल तर समोरच्या क्लाइन बोनेर या छोट्या बेटासाठी एक दिवस ठेवा.

जाड तळाचे बूट मात्र हवेतच. उथळ पाण्यात मेलेल्या प्रवाळाचे तुकडे पायाखाली सरकतात आणि पाठीवरच्या वजनाने तोल जातो. दोघांनी एकमेकांचा हात धरून उतरा. गाडीत काहीही मौल्यवान ठेवू नका, चोऱ्या होतात.

आता नवऱ्याबद्दल. तारकर्लीला इन्स्ट्रक्टर धरून खाली नेतात, त्याचं सर्टिफिकेशन कार्ड मिळत नाही, आणि त्या कार्डाशिवाय बोनेरला टाकी भाड्याने देणार नाहीत. त्यांना थिअरी आणि पूलचा भाग जर्सीतच उरकायला सांगा. तेवढं झाल्याचं पत्र (रेफरल) घेऊन कोर्सच्या शेवटच्या डाइव्ह्ज बोनेरला करता येतात. फेब्रुवारीत जर्सीच्या गार पाण्यात कुडकुडण्यापेक्षा 26 अंशांत शिकलेलं किती बरं!

हिल्मा हूकर हे 1984 साली बुडालेलं जहाज सुमारे 30 मीटरवर आडवं पडलंय. ओपन वॉटरची मर्यादा 18 मीटर आहे, तेव्हा या खेपेला तो मोह टाळा. त्याऐवजी सॉल्ट पिअरला जा, मिठाच्या धक्क्याचे खांब स्पंज आणि प्रवाळांनी लगडलेत. धक्क्याला जहाज लागलं असेल तर तिथे उतरू देत नाहीत.

सागरिका
भर घालते. 1979 पासून बेटाभोवतीचा समुद्र संरक्षित आहे, त्यामुळे नियम मनापासून पाळा: हातमोजे चालत नाहीत, ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेलं सनस्क्रीन चालत नाही, पहिली डाइव्ह सरावाची, पाण्याशी ओळख करून घेण्यासाठी. 2023 पासून तिथल्या प्रवाळांत ऊती नष्ट करणारा रोग पसरलाय, म्हणून दुसरीकडे वापरलेलं गिअर निर्जंतुक करूनच न्या.

खर्चात माणशी 75 डॉलर प्रवेशकर आणि 40 डॉलर निसर्गशुल्क धरा. बेट नेदरलँड्सचं असलं तरी युरोपचा शेंगेन व्हिसा आणि बोनेरचा व्हिसा वेगळे. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा लागत नाही, तरी एअरलाइनकडे एकदा विचारून घ्या. जेवणासाठी किचन असलेलं अपार्टमेंट बघा, डाळ-मसाले सोबत न्या.

निळाई
खूप आभार दोघांचे! परतीचं विमान दुपारचं आहे. त्या सकाळी एखादी डाइव्ह जमेल?

पाणबुड्या
अजिबात नको, डाइव्हनंतर लगेच विमानात बसणं शरीराला धोक्याचं असतं. शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी सकाळीच आटपा, विमानाआधी 24 तास मोकळे ठेवा. त्या वेळात दक्षिणेच्या मिठागरांवर फ्लेमिंगो बघा.