मदत हवी आहे: सिम रेसिंगमध्ये ड्रायव्हरची क्रमवारी कशी लावायची?

नमस्कार मंडळी. परळ-लालबागची आम्ही बारा जणं दर शनिवारी रात्री असेटो कोर्सा हा कार शर्यतीचा सिम्युलेटर गेम खेळतो. हिशेब माझ्याकडे. गुण फॉर्म्युला वनसारखेच, 25-18-15 असे. पण आता त्यावरून मनं दुखावायला लागलीत.

एका मित्राला महिन्यातून दोन शनिवार सेकंड शिफ्ट असते. येतो तेव्हा हमखास पहिल्या तिघांत, तरी तक्त्यात आठवा. 1988 साली एफ-वनमध्ये फक्त सर्वोत्तम 11 निकाल धरायचे. म्हणून एकूण 105 गुण मिळवूनही ड्रायव्हर अ‍ॅलन प्रोस्ट मागे राहिला आणि 94 वाला आयर्टन सेना जगज्जेता झाला. आम्हीही दहातल्या सर्वोत्तम सात शर्यती धराव्यात का? मग न चुकता येणाऱ्यांवर अन्याय होईल का?

खरी डोकेदुखी धडकांची आहे. गेल्या शनिवारी मॉन्झा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) एकाने ब्रेक उशिरा दाबला आणि थेट पुढच्याच्या दारावर आदळला. तो बिचारा गरगर फिरून शेवटच्या नंबरावर गेला, आणि धडक देणारा पाचवा आला, दहा गुण घेऊन! आयरेसिंग या दुसऱ्या सिम गेममध्ये आयरेटिंग (कौशल्याचं) आणि सेफ्टी रेटिंग (धडका टाळण्याचं) वेगळे असतात, ते मला मनापासून पटतं. पण आम्हाला धडका रिप्ले बघून हातानेच मोजाव्या लागतील.

बुद्धिबळातली एलो पद्धत (प्रतिस्पर्धी किती तगडा त्यावरून रेटिंग वर-खाली होणारी) बारा जणांत नीट चालते का? आणि स्टिअरिंगवाले व गेमपॅडवाले एकाच तक्त्यात ठेवावेत का? कुणी लीग चालवली असेल तर कृपया सविस्तर सांगा, नवा हंगाम लवकरच सुरू करायचाय.