विषय: कॅरिबियन क्रूझ, सासूसासऱ्यांना घेऊन – कोणाचा अनुभव?

प्रेषक: प्रज्ञा, टँपा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या सुट्टीत सासूसासरे इथेच असतील. त्यांना सात रात्रींच्या ईस्टर्न कॅरिबियन क्रूझला न्यायचं मनात आहे. फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनॅव्हरलहून निघून सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन आणि परत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई पक्क्या शाकाहारी, आणि बोटीवरच्या नाचगाण्यात दोघांनाही रस नाही. मग आठवडाभर तिथे करणार काय, हा नवऱ्याचा प्रश्न. जाऊन आलेल्यांनी सांगा. जाहिराती भरपूर बघून झाल्यात.

प्रज्ञा

---

प्रेषक: वर्षा, ओरलँडो

प्रज्ञा, खुशाल जा. आम्ही हाच मार्ग माझ्या आईबाबांना घेऊन केला. करणार काय याची काळजी सोड. बाबा भल्या पहाटे उठून डेकवर फेऱ्या मारायचे आणि मग जेवणाची वेळ होईपर्यंत समुद्राकडे तोंड करून खुर्चीत. आई टेबलावरच्या ओहायोच्या आजीबाईंशी आपल्या इंग्रजीत गप्पा मारून त्यांच्या सुनांपर्यंत पोचली होती. शोला गेलो नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

पण बोट विचार करून निवड. घसरगुंड्या आणि आइस स्केटिंगवाली, सगळ्यात मोठी, सगळ्यात नवी बोट त्यांच्यासाठी नको. केबिनपासून जेवायला जाईपर्यंतच गुडघे बोलायला लागतात. जरा जुनी, मध्यम आकाराची घे. केबिन मधोमध, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ. तिथे बोट कमी हलते. बाल्कनी त्यांना दे, तुम्ही आतली घ्या. तुम्ही तसेही पोरांच्या मागे धावत असणार.

जेवणाचं म्हणशील तर बुकिंग करतानाच शाकाहारी लिहून ठेव आणि पहिल्या संध्याकाळी हेडवेटरला गाठून पुन्हा सांग. मोठ्या जेवणघरात रात्रीचं भारतीय शाकाहारी ताट बहुतेक बोटींवर मिळतं, कांदालसूण नको असेल तर तेही आदल्या दिवशी सांगता येतं. डाळ पंजाबी थाटाची, भाजी म्हणजे पनीर. आमचा वेटर म्हापशाचा निघाला. आईने त्याला पहिल्याच दिवशी घरी कोण कोण असतं ते विचारून घेतलं. तिसऱ्या रात्री तिच्यापुढे एका वाटीत आमसूल घातलेली पातळ आमटी आली. मेनूत कुठे नव्हती. खाली कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये त्यांच्यासाठी झालेली होती. आईने वाटी दोन्ही हातांनी धरून थेट तोंडाला लावली, शेजारी ओहायोच्या आजीबाई बघतच राहिल्या.

चहाचं मात्र दुःख आहे. कोमट पाणी आणि टीबॅग. केटल न्यायला बंदी असते, तेव्हा प्रीमिक्सची पाकिटं ने. खाकरे, चिवडा वगैरे सीलबंद कोरडं चालतं, घरी शिजवलेलं नाही. आणि बोटीवरची फळं किंवा सँडविच बेटावर घेऊन उतरू नका.

बंदरांवर कंपनीच्या टुरा घेऊ नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. बसमध्ये चढा, उतरा, दागिन्यांच्या दुकानासमोर अर्धा तास थांबा. सेंट थॉमसला धक्क्यावरच सफारी टॅक्सी मिळतात. ट्रकच्या पाठीवर बाकं टाकून वर छप्पर, बाजू उघड्या. भाडं माणशी ठरलेलं. बाबांची तिथे भलतीच करमणूक झाली: गाड्या आपल्यासारख्या रस्त्याच्या डावीकडून, पण स्टिअरिंगसुद्धा डावीकडेच! १९१७ पर्यंत ही बेटं डेन्मार्ककडे होती, अमेरिकेने विकत घेतली तरी वाहतूक तशीच राहिली. वळणावर ड्रायव्हर दरीच्या कडेला बसलेला, आणि बाबा मागून त्याला मराठीत सूचना देतायत.

सेंट मार्टिनला उतरलात की वॉटर टॅक्सीने फिलिप्सबर्गला जा. किनाऱ्याला लागूनच सपाट, बांधीव रस्ता आहे, सासऱ्यांना झेपेल. मागच्या फ्रंट स्ट्रीटवर सराफी दुकानं बरीचशी सिंध्यांची. दारातूनच "आइये, आइये" सुरू होतं. काही घ्यायचं नसेल तर नजर मिळवू नकोस. छोटंसं बेट, पण १६४८ पासून अर्धं फ्रेंच, अर्धं डच. सीमेवर एक खांब आणि पाटी, पहारा नाही. विमानं डोक्यावरून उतरतात तो माहो बीच मुलांना दाखव, फक्त उडणाऱ्या विमानाच्या मागे कुंपणाला धरून उभं राहू देऊ नकोस. इंजिनाच्या झोताने माणसं खरंच फेकली जातात.

शेवटचा थांबा कंपनीचं खासगी बेट होतं, तो वाऱ्यामुळे रद्द झाला. कॅप्टनने सकाळी कर्ण्यावरून सांगितलं आणि विषय संपला. परत मिळालं ते फक्त त्या बंदराचं शुल्क. तिकिटाच्या करारात हे लिहिलेलंच असतं, तेव्हा एखाद्या बंदरावरच जीव लावून बुकिंग करू नये.

आणि हो, हिवाळ्यात ही बेटं फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतात. काही बोटी घड्याळ बदलतात, काही नाहीत, फोन आपल्या मनाने बदलतो. बोटीची वेळ मनगटावर ठेव. धक्क्यावरून जीव घेऊन पळणारी जोडपी आणि वर डेकवर टाळ्या वाजवणारे लोक, हा बोटीवरचा सगळ्यात लोकप्रिय शो.

वर्षा

---

प्रेषक: सचिन, टँपा

वर्षाताईंनी सगळं सांगितलं, कागदपत्रं सोडून. प्रज्ञा, तुम्ही दोघं एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहात ना? पासपोर्टमधला व्हिसा स्टॅम्प चालू आहे का, ते आधी बघा. आय-७९७ ची (मंजुरीच्या कागदाची) मुदत नव्हे, स्टॅम्पची.

स्टॅम्प संपलेला असला तरी ३० दिवसांच्या आत परत येता येतं, एवढं ऐकून लोक निवांत असतात. एच-१बीला ती सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. जवळची बेटं त्यात धरली जातात ती एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना. म्हणजे सेंट मार्टिन किंवा बहामाला बोट लागली की तुम्ही अडकलात. सान हुआन आणि सेंट थॉमस अमेरिकेचेच, मग काय हरकत, असंही म्हणू नका. या बोटींवर परदेशी झेंडा असतो, आणि १८८६ च्या कायद्यामुळे इथून निघून इथेच परतणाऱ्या अशा बोटीला वाटेत एक तरी परदेशी बंदर घ्यावंच लागतं. शेजारचा अमेरिकन जन्मदाखला आणि लायसन्स दाखवून चढतो, ते त्याच्या नागरिकत्वावर. आपलं तसं नाही. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

सासूसासऱ्यांचा बी-२ (पाहुण्यांचा) व्हिसा मल्टिपल एंट्री असेल तर परत येताना सहसा अडचण नाही. मात्र आय-९४ वर (मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीवर) नव्याने सहा महिने मिळतील या हिशेबात राहू नका. भारतीय पासपोर्टला बेटागणिक नियम वेगळे, ते बुकिंगआधी कंपनीकडून लेखी घ्या. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स अमेरिकेबाहेर आणि बोटीवर चालतो का हेही बघा. बोटीवरच्या दवाखान्याचं बिल तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं. आधी भरा, मग क्लेम करा.

सचिन

---

प्रेषक: अण्णा, लेकलँड

चि. प्रज्ञा,

सान हुआनला एल मोरो किल्ला चुकवू नये. बोट जुन्या शहराच्या धक्क्यालाच लागते, पण बहुधा दुपारी, आणि किल्ला संध्याकाळी लवकर बंद होतो. म्हणून उतरल्याबरोबर टॅक्सीने थेट तिथे जावे, बाजार नंतर. स्पॅनिशांनी १५३९ मध्ये काम सुरू केले. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकला येथून हात हलवत परतावे लागले. तीनच वर्षांनी दुसऱ्या इंग्रजाने जमिनीच्या बाजूने येऊन किल्ला घेतला, पण हगवणीच्या साथीने त्याचे सैन्य बेजार झाले आणि त्याला तो सोडावा लागला. आपल्याकडे सिंधुदुर्ग पाहिलेल्याने येथे तटावर उभे राहून तोफांच्या माऱ्याचे कोन जरूर पाहावेत. सहा पातळ्या आहेत, उतार तीव्र आहेत. गुडघेवाल्यांनी वरच्या पटांगणातच बसावे. बाहेरच्या हिरवळीवर मुले पतंग उडवतात, तेही पाहण्यासारखे असते.

एक व्यवहाराची गोष्ट. माणशी रोज १६ ते २० डॉलर टिप आपोआप खात्यावर लावतात. सहा माणसांचे सात दिवस, हिशेब करा. गेस्ट सर्व्हिसच्या खिडकीवर जाऊन ती काढून घेता येते. आम्ही काढली. पगार कंपनीने द्यावा, प्रवाशाने का?

अण्णा

---

प्रेषक: मेल्विन, टँपा

अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटलं नाही.

माझा थोरला भाऊ वास्कोहून बोटीवर गेला, आधी केबिन स्टुअर्ड, मग बारमध्ये. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस बोटीवर असतो. सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात आठवड्याची सुट्टी नाही. दिवसाला दहा-बारा तास. केबिन पाण्याच्या पातळीखाली, दोघांत एक, खिडकी नाही. बोटीवर बहामाचा नाहीतर पनामाचा झेंडा, त्यामुळे अमेरिकेचं किमान वेतन तिथे लागू नाही. पगार कंपनीने द्यावा हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण तुम्ही खिडकीवर टिप काढलीत तेव्हा कंपनीचं काही गेलं नाही. तो पैसा स्टुअर्ड, वेटर आणि तुम्हाला कधी दिसत नाहीत अशा धोबीखान्यातल्या पोरांत वाटला जाणार होता, तेवढा कमी झाला.

"आम्ही हातात रोख देतो," असंही लोक सांगतात. द्या की, पण वरून. भाऊ म्हणायचा, भारतीय प्रवासी दिसला की पोरांना आधी आनंद होतो, आपली भाषा बोलायला मिळणार म्हणून. आणि शेवटच्या रात्री सुपरवायझर टिप काढणाऱ्यांची यादी घेऊन येतो तेव्हा त्यातली आडनावं वाचून मान खाली जाते. वर्षाताईंच्या आईला आमटी आणून देणारा त्याच यादीकडे बघत असतो.

तिकिटाच्या किमतीतच टिप धरून बजेट करा. परवडत नसेल तर पाच रात्रींची क्रूझ घ्या.

मेल्विन

---

प्रेषक: डॉ. नीता, सेंट पीटर्सबर्ग

टिपांवर मेल्विनशी सहमत. मी लिहितेय ते बोट लागण्याबद्दल. मळमळीवरच्या मेक्लिझिनच्या गोळ्या दुकानात सरळ मिळतात, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना विचारल्याशिवाय देऊ नका. शिवाय गुंगी येते आणि हलत्या बोटीवर तोल जाऊन पडायची भीती. आलेपाक चघळणं, बाहेर क्षितिजाकडे बघत बसणं आधी करून पाहा. बुफेत जाताना साबणाने हात धुवा. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसला दारातलं सॅनिटायझर पुरत नाही.

नीता

---

प्रेषक: प्रज्ञा, टँपा

सगळ्यांचे आभार. सचिन, तुमची मेल वाचून पासपोर्ट काढले. माझा स्टॅम्प २०२७ पर्यंत आहे, नवऱ्याचा मार्चमध्येच संपलाय. तेव्हा सेंट मार्टिन बाद. आता टँपाहूनच निघणारी पाच रात्रींची बघतोय, वाटेत फक्त कोझुमेल, म्हणजे मेक्सिको. सासूसासऱ्यांच्या अमेरिकन व्हिसावर मेक्सिको चालतं. वकिलाचं उत्तर आलं की पैसे भरते. टिपा धरूनच हिशेब केलाय, मेल्विन. आणि वर्षाताई, बाल्कनी त्यांना, आतली आम्हाला.

कोझुमेलला ज्येष्ठांना झेपेल असं काय आहे?

प्रज्ञा

---

प्रेषक: अण्णा, लेकलँड

सान हेर्वासिओ. बेटाच्या मध्यावर मायांचे जुने तीर्थस्थान आहे, इश्चेल देवीचे. मुख्य भूमीवरून बायका होड्यांतून नवस बोलायला येत. वाट सपाट आहे, सावली बरी आहे, डास भयंकर आहेत. टॅक्सीचे भाडे बसण्याआधी ठरवावे आणि तिला थांबवून ठेवावे, परत मिळत नाही. तुलुमच्या अवशेषांच्या फंदात पडू नये. फेरीने पलीकडे जाऊन वर बसचा प्रवास, गुडघेवाल्यांचे काम नाही.

मेल्विन यांना स्वतंत्र लिहितो आहे.

अण्णा