मदत हवी आहे: सकाळी नारिताला उतरल्यावर दुपारी ३ पर्यंत आईबाबांचं काय करू?

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन जपानला चाललोय. मुंबईहून रात्रीचं थेट विमान आहे, सकाळी आठच्या सुमारास टोकियोच्या नारिता विमानतळावर उतरतं. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे घड्याळात आठ वाजले तरी या दोघांच्या अंगात पहाटेचे साडेचारच असणार. बाबांचा विमानात डोळ्याला डोळा लागत नाही, आईचे गुडघे बसून बसून धरतात. हॉटेल टोकियोतल्या असाकुसा भागात आणि चेक-इन दुपारी ३ ला! इमिग्रेशन, सामान, प्रवास सगळं धरूनही मधले तीन-चार तास उरतात.

आदल्या रात्रीपासूनच खोली घ्यावी का? एका रात्रीचं भाडं जाईल, पण पोचल्या पोचल्या आडवं होता येईल. बहीण म्हणते, झोपवूच नकोस, संध्याकाळपर्यंत फिरव. तिला सोबत यायचं नाहीये, तेव्हा बोलायला काय जातंय.

दुसरं, गाडी कुठली घ्यावी? स्कायलायनर ही विमानतळावरून सुटणारी जलद रेल्वे पाऊण तासात टोकियोतल्या उएनो स्टेशनला नेते, सीट राखीव, पण पुढे बदलावं लागतं. अ‍ॅक्सेस एक्सप्रेस थेट असाकुसाला जाते, पण ती लोकलसारखी, तासभर उभं राहायची वेळ आली तर? तीन मोठ्या बॅगा आहेत. विमानतळावरून टॅक्सीचं भाडं बघितलं आणि गप्प बसलो.

प्रतिसाद १
खोली आदल्या रात्रीपासून घ्याच. मात्र हॉटेलला आधी मेल टाका की आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी येतोय. नाहीतर रात्री कोणी आलं नाही म्हणून बुकिंग रद्द करतील आणि पैसेही जातील. दोन तास झोपू द्या, मग गजर लावून उठवा. बहिणीचंही अर्धं बरोबर आहे, दिवसभर झोपले तर रात्री टक्क जागे राहतील.
गाडी स्कायलायनरच. उएनोहून असाकुसा दोन-अडीच किलोमीटर, तेवढ्यापुरती टॅक्सी करा.

प्रतिसाद २
मोठ्या बॅगा नारिताच्याच कुरिअर काउंटरवरून हॉटेलला पाठवा. त्या साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, म्हणून औषधं आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभराची चालतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. ताजी फळं विमानातच संपवा, खाली उतरवू नका. चिवडा-चकली खुशाल न्या.
'व्हिजिट जपान वेब' या जपान सरकारच्या संकेतस्थळावर इमिग्रेशन-कस्टम्ससाठीची तिघांची माहिती घरूनच भरून क्यूआर कोड तयार ठेवा. आईबाबांची नोंद तुमच्या खात्यातून होते.

धागाकर्ता
दोघांचे आभार. हॉटेलला आजच मेल टाकतो. स्कायलायनरचं तिकीट आधी काढलं आणि विमान उशिरा आलं तर?

प्रतिसाद १
ऑनलाइन व्हाउचर घ्या. ते नारिता स्टेशनवर दाखवलं की पुढच्या गाडीची सीट देतात. आधीच ठराविक गाडी धरू नका.